अकरा फुलं, तीन पाहुणे: एका सोसायटीच्या बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला, एका टेकडीच्या पायथ्याशी आहे. तीन इमारती, ९६ फ्लॅट आणि मधोमध पाऊण एकराच्या आसपास बाग. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, किरकोळ तपशील बदलले आहेत. मी तिथेच राहते आणि बाग समितीत पहिल्यापासून आहे, तेव्हा पुढे येणाऱ्या चुकांमध्ये माझाही वाटा आहे.

२०११ मध्ये बिल्डरने ताबा दिला तेव्हा बाग तयारच मिळाली. मधे हिरवळ. कडेने बोगनवेल, दुहेरी जास्वंद, देवचाफा, टेकोमा, हॅमेलिया, फॉक्सटेल पाम. पाच गुलमोहर. पश्चिमेच्या भिंतीलगत कोनोकार्पसची रांग, कारण ते भराभर वाढतं आणि पलीकडचा रस्ता झाकून टाकतं. फ्लॅट घेताना ही बाग बघून भुललेल्यांत मीही होते.

बागेचं काम एका ठेकेदाराकडे होतं. दोन माळी रोज, महिन्यातून एकदा छाटणी, दर पंधरा दिवसांनी फवारणी. करारात काम एका ओळीत लिहिलं होतं: ‘बाग स्वच्छ व हिरवीगार ठेवणे.’ पुढे २०१८ ते २०२१ अशी तीन वर्षं आम्ही झाडांवर वाद घातले, या ओळीकडे कोणी पाहिलंच नाही.

अडचण

पक्षी-फुलपाखरांच्या प्रेमाने कोणी बागेला हात घातला नाही. सुरुवात गटारापासून झाली. २०१८ च्या उन्हाळ्यात बी विंगचा चेंबर दोनदा तुंबला. प्लंबरने आतून कोनोकार्पसच्या मुळांची एक जटा ओढून काढली, पाइपाच्याच गोलाईची, हातभर लांब, नारळाच्या शेंडीसारखी. जुलैत एका रात्रीच्या पावसात गुलमोहराची फांदी एका गाडीच्या टपावर आली. शिवाय हिरवळीसाठी मार्च ते जून टँकर मागवावे लागत, ते दुखणं जुनंच. तिन्ही मिळून बाग सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आली.

सभेत तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. बँकेतून निवृत्त झालेले, रोज पहाटे दुर्बीण गळ्यात घालून टेकडीवर जाणारे. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारची नोंद वाचली. सकाळी ७ ते ८, बागेत अकरा प्रकारची झाडं फुलावर, पक्षी तीन जातींचे: कावळा, साळुंकी, पारवा. त्याआधी तासभर ते टेकडीवर होते. तिथे एका पांगाऱ्यावर शिंजीर, बुलबुल, कोतवाल, सातभाई आणि पळसमैनांचा थवा, सगळे एकाच वेळी. “एवढी पंगत मांडलीय आणि कोणी जेवायला बसत नाही,” काका म्हणाले, “म्हणजे ताटातच काहीतरी गडबड आहे.”

लोक हसले, पण गडबड खरीच होती. बोगनवेलीचा भडक रंग फुलाचा नसतो, फुलाभोवतीच्या पानांचा असतो. खरं फूल आतलं, बारीक पांढरं. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्या गर्दीतून मधापर्यंत चोच नेणं अवघड. चाफ्याची गंमत तर मला तोवर माहीतच नव्हती: त्या फुलात मध नसतो. रात्री वास येतो म्हणून पतंग आशेने येतात, सोंड घालून फसतात आणि त्या फसवणुकीतच चाफ्याचं काम होऊन जातं. टेकोमावर भुंगे येत, पण तो महिन्याच्या छाटणीत सापडे. हॅमेलिया तर शिंजिराच्या फार आवडीचं झुडूप, पण आमच्याकडे त्याचे कात्रीने चेंडू केलेले. चेंडूला फूल येत नाही.

आणि पान. फुलपाखरू मध कुठेही पिईल, पण अंडी ठरावीक झाडांच्या पानांवरच घालतं. बाहेरून आणलेल्या आमच्या झाडांची पानं इथल्या बहुतेक अळ्यांच्या उपयोगाची नव्हती, आणि जी होती त्यांवर पंधरा दिवसांनी फवारणी होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नेहमीचा: चेंबर दुरुस्त करा, फांदी उचला, पुढचा विषय घ्या. निम्मी सभा याच मताची होती.

दुसरा पर्याय एका नर्सरीवाल्याने रंगीत छापून आणला. कृत्रिम हिरवळ, सोनेरी दुरांता, फायकसचे गोळे आणि फोटोसाठी गुलाबी टॅबेबुयाची रांग. दिसायला देखणं आणि वर्षभराची देखभाल फुकट. हा पर्याय मंजूर होता होता राहिला, तोही पैशांवरून.

तिसरा तरुण मंडळींचा: परदेशी सगळं उपटा, देशी तेवढंच लावा. खरं सांगायचं तर मी याच बाजूची होते. मला थांबवलं ते काकांनी. कोनोकार्पसच्या दाटीत त्यांनी बुलबुलाची दोन घरटी आणि गुलमोहराच्या एका वाळक्या फांदीत तांबटाचं बीळ दाखवलं. तांबट आमच्या बागेत जेवायला येत नव्हता, राहायला येत होता. सगळं एकदम उपटलं असतं तर नवी झाडं मोठी होईपर्यंतची चार-पाच वर्षं आहे तेवढाही आडोसा गेला असता.

म्हणून चौथा, तडजोडीचा पर्याय ठरला. कोनोकार्पसची गटाराकडची अर्धी रांग काढायची, उरलेली नंतर. गुलमोहर ठेवायचे, धोक्याच्या फांद्या तेवढ्या उतरवायच्या. हिरवळ निम्मी करायची आणि त्या जागी इथली फुलझाडं लावायची. एका सदस्याने घाणेरीचा आग्रह धरला, कारण तिच्यावर फुलपाखरं लोटतात. ते खरं आहे. पण फळं खाऊन पक्षी तिच्या बिया टेकडीवर नेऊन टाकतात आणि घाणेरी जिथे घुसते तिथे दुसऱ्याला जागा ठेवत नाही. टेकडीच्या पायथ्याशी राहून तिला अंगणात आणणं मला पटलं नाही. हॅमेलियाही परदेशीच, पण तो पसरलेला दिसत नव्हता, तो राहिला.

काय केलं

आधी परवानगी. ‘झाड आमच्या आवारात आहे, आम्ही काहीही करू’ असं अनेकांना वाटतं. महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. खासगी आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज, पाहणी, झाडावर चिकटवलेली नोटीस, हरकती. पाच गुलमोहरांपैकी एकाचं खोड पोकळ निघालं, ते तोडायची परवानगी मिळाली. आम्ही ते मुळापासून न काढता बारा फुटांवर छाटून बुंधा उभा ठेवला, तांबटासाठी. त्यावरून ‘बागेत मढं उभं करून ठेवलंय’ हे ऐकून घ्यावं लागलं.

मग झाडांची निवड. मी जिन्याखालच्या फलकावर बारा रकाने आखले, प्रत्येक महिन्याला एक. कोणत्या महिन्यात कोण फुलतं ते त्यात भरायचं आणि एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, एवढाच नियम. जानेवारीपासून धायटी, फेब्रुवारी-मार्चला पळस आणि पांगारा, एप्रिल-मेला बहावा आणि ताम्हण. भुंग्यांना लागतो तो पराग या दोघांकडे भरपूर. पावसाळ्यात भुतकेस आणि मुरुडशेंग, श्रावण-भाद्रपदापासून पारिजातक, थंडी पडली की अडुळसा. निर्गुडी जवळजवळ बाराही महिने. काटेसावर सगळ्यांना हवी होती, पण ती अजस्र वाढते आणि आमची प्रत्येक मोकळी जागा इमारतीपासून वीस-पंचवीस फुटांच्या आत. तिला नकार दिला. फलकावरून सर्वांत जास्त चौकशी मुरुडशेंगेची झाली, कारण बाळगुटीत उगाळलेली ती पिळाची शेंग सगळ्यांना ठाऊक, झाड मात्र कोणी पाहिलेलं नाही. तिचं फूल उमलतं लाल आणि जुनं होता होता राखी-निळं होतं. एकाच फांदीवर दोन्ही रंग.

सीता अशोकाबद्दल मात्र अर्धा तास गेला. ‘आपल्याकडे अशोक आहे की, गेटपाशी’ असं तिघांनी सांगितलं. गेटपाशी होता तो आसुपालव, उंच सरळसोट. दोघांचा काही संबंध नाही.

जून २०१९ च्या पहिल्या चांगल्या पावसानंतर १४ झाडं आणि शंभरेक झुडपं लावायला घेतली. पहिला खड्डा दीड फुटावर अडला. खाली माती नव्हती. सिमेंटचे गोळे, फुटक्या फरश्या, एक अख्खं पोतं. बिल्डरने राडारोडा पसरून वर वीतभर माती आणि हिरवळ अंथरली होती. प्रत्येक खड्डा तीन बाय तीन फुटांचा करावा लागला, माती विकत आणावी लागली आणि झाडांसाठी ठेवलेले पैसे मातीत गेले. शब्दशः.

पहिल्याच वर्षी १४ पैकी ५ झाडं गेली. तिन्ही पळस त्यांत होते. सहा-सहा फुटांची रोपं मीच हौसेने निवडली होती, लोकांना लगेच काहीतरी दिसावं म्हणून. मेलेलं एक उपटून पाहिलं तर सोटमूळ पिशवीच्या तळाशी गुंडाळी होऊन बसलेलं, जिलबीसारखं. पळसाला पानं तीनच हे सगळ्यांना पाठ असतं. त्याचं मूळ आधी खोल जातं आणि मग वरचा भाग वाढतो, हे मला तो खड्डा उकरल्यावर कळलं.

न घेतलेला निर्णय

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. माळी गावी अडकले, ठेकेदाराचा माणूस येईना. एप्रिल, मे, जून असे तीन महिने बागेत ना कात्री चालली ना फवारणीचा पंप. पाणी आम्हीच आळीपाळीने घालत होतो, तेही नव्या झाडांपुरतं. हिरवळ करपली.

हॅमेलियाच्या चेंडूंना मे महिन्यात शेंडे फुटले आणि त्यावर शेंदरी नळ्यांचे झुबके आले. एका सकाळी सातच्या सुमारास बाल्कनीतून पाहिलं तर एक शिंजीर झुबक्याला उलटा लटकून एकेका नळीत चोच घालत होता, दुसरा त्याला हुसकत होता. तीन मिनिटांत दोघांनी झुडूप पिंजून काढलं. ही झुडपं नऊ वर्षं तिथेच होती. आम्ही दोन वर्षं सभा घेऊन, माती आणून, झाडं मारून जे साधलं नव्हतं ते कात्री न चालवल्याने झालं. जूनपर्यंत काकांच्या डायरीत बागेचे नऊ पक्षी झाले होते, आणि नव्या झाडांपैकी एकही तोवर फुललं नव्हतं.

इथे आम्ही थांबून करार बदलायला हवा होता. बदलला नाही. माळी परत आले, कात्री परत आली आणि ऑगस्टपर्यंत हॅमेलिया पुन्हा गोल झाला.

बहाव्याच्या अळ्या

ऑगस्ट २०२१. एव्हाना चारही बहावे दहा-बारा फुटी झाले होते. एका आठवड्यात दोन झाडांची पानं चाळणी झाली. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडले: ‘झाडाला कीड लागली आहे, समिती झोपली आहे का?’ त्या अळ्या कॉमन एमिग्रंट नावाच्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखराच्या होत्या. बहावा हे त्यांचं ठरलेलं घर. मी ग्रुपवर तसं लिहिलं, खाली अंगठे आले आणि मला वाटलं विषय संपला.

शनिवारी मी बाहेरगावी होते. खजिनदारांनी ठेकेदाराला फोन केला आणि त्याने सगळी रांग फवारली. रविवारी सकाळी पेव्हर ब्लॉकवर हिरव्या अळ्यांचा सडा होता, काही अजून वळवळत होत्या. पहिल्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी त्या काडीने उचलून टिफिनच्या डब्यात भरत होती. “ह्या बऱ्या होतील ना?” तिने मला विचारलं. खजिनदार शेजारीच उभे होते. त्यांना दोष देणं सोपं होतं, पण त्यांच्या हातात करार होता आणि करारात ‘हिरवीगार’ असं लिहिलं होतं. त्यांनी करारच पाळला होता.

मी थोरल्या माळ्याला, मामांना, एकीकडे घेऊन विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? मामा सोलापूरकडचे, साठीला आलेले. म्हणाले, “व्हय की. आमच्याकडं बहाव्याला दरसाल खात्यात. पंधरवड्यात पुन्हा फुटतो.” मग सांगितलं का नाही? “ताई, पान पडलं तर बोलणी आम्ही खातो. अळी दिसली तरी आम्हीच.”

त्या वाक्यानंतर करार बदलला. सप्टेंबरच्या सभेत ठराव झाला: सरसकट फवारणी बंद, गरज पडली तर एका झाडापुरती आणि समितीला विचारून. छाटणी वर्षातून एकदा, फुलोरा संपल्यावर. पालापाचोळा झाडाच्या बुंध्याशीच पसरायचा, पायवाटेवरचा तेवढा झाडायचा. सापांची भीती अनेकांनी बोलून दाखवली. म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेभोवती दहा फूट पाचोळा ठेवायचा नाही, हेही त्यात आलं. ठराव ४१ विरुद्ध ३३ असा कसाबसा मंजूर झाला. करारातली ती ओळ काढून टाकली.

पुढच्या पावसाळ्यात बहावे पुन्हा उघडे पडले. तीन आठवड्यांनी नवी पोपटी पालवी आली आणि त्या आसपास एका दुपारी, पाऊस उघडल्यावर, पार्किंगच्या वर पिवळसर फुलपाखरांची धांदल. या वेळी ग्रुपवर व्हिडिओ पडला. टाकणारे खजिनदार.

निष्पत्ती

२०२५ च्या फेब्रुवारीत काकांनी पुन्हा रविवारी सकाळी ७ ते ८ अशी नोंद केली. १४ जातींचे पक्षी. पळसमैना अजून आलेली नाही. पांगारा तिसऱ्या वर्षी फुलला, फांदी खोचून लावलेला असल्यामुळे लवकर. बहावा २०२२ पासून दर मे महिन्यात झुंबरं लावतो आणि त्यावर मोठे काळे भुंगे घोंघावतात. हॅमेलिया आता आठ फुटी, बेढब आहे आणि दिवसभर हलत असतो.

फसलेलंही बरंच आहे. उताराच्या तळाशी लावलेली धायटी पाणी साचून कुजली. ती डोंगरउताराची, तिला पाय ओले चालत नाहीत. उरलेला सीता अशोक जगलाय, पण इथली कोरडी उन्हं त्याला सोसत नाहीत, पानांच्या कडा दर एप्रिलला भाजतात. रहिवाशांच्या हट्टाने लावलेल्या शेवग्यावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे पुंजके खोडाला चिकटतात. ते अंगाला लागले की खाज सुटते, आणि ‘अळ्यांना जगू द्या’ म्हणणाऱ्या मला तिथे गप्प बसावं लागतं. ते आम्ही खराट्याने साबणाच्या पाण्यात पाडतो. पारवे आहेत तेवढेच आहेत. टँकर कमी झाले, बंद नाही.

कोनोकार्पसची उरलेली अर्धी रांग अजून उभी आहे. २०२३ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली, ती बातमी ग्रुपवर आली तेव्हा दोन दिवस उत्साह होता. मग पलीकडच्या रस्त्यावरची धूळ कोण अडवणार, यावर गाडी थांबली.

आज असतं तर वेगळं काय केलं असतं

सर्वांत आधी करार. झाड विकत घेण्याआधी कात्री आणि पंप वर्षभर थांबवले असते आणि आहेत त्या झुडपांवर कोण येतं ते पाहिलं असतं. त्याला एक रुपया लागला नसता. ते सुचलं नाही, कारण बाग सुधारणं म्हणजे काहीतरी लावणं असंच डोक्यात होतं.

मामांना पहिल्या बैठकीला बोलावलं असतं. मुरुडशेंग, धायटी, बहावा हे सगळं ते लहानपणापासून ओळखत होते. आम्ही मात्र त्यांना खड्डे कुठे खणायचे तेवढंच सांगितलं.

निवड करण्याआधी चार ठिकाणी खणून खाली काय आहे ते बघितलं असतं. झुडपं आधी लावली असती आणि झाडं दोन वर्षांनी. झुडूप दुसऱ्या वर्षी फुलतं, लोकांचा विश्वास बसतो, मग झाडाची वाट पाहायला माणसं तयार होतात. आम्ही सगळं एकदम लावायला घेतलं आणि पहिली तीन वर्षं फक्त तक्रारी ऐकल्या.

एका मुद्द्यावर माझं मत अजून डळमळीत आहे. बहाव्याच्या वेळी ग्रुपवर एक संदेश टाकून मी निर्धास्त झाले. तेव्हा दारोदार फिरून सांगितलं असतं तर फवारणी टळली असती. पण मग करारही बदलला नसता, असं काका म्हणतात. त्या डब्यातल्या अळ्यांमुळेच आठ-दहा मतं फिरली, हे त्यांचं गणित. असेलही. ती मुलगी मात्र अजून मला कधीकधी त्या अळ्यांबद्दल विचारते.

पळसाचं राहिलं. जून २०२१ मध्ये काकांनी टेकडीवरून खिसाभर पळसपापड्या आणल्या आणि मेलेल्या रोपांच्याच खड्ड्यांत आम्ही पाच पेरल्या. तीन उगवल्या. चार वर्षांनी त्यांतला सर्वांत उंच माझ्या कमरेला लागतो. मामांनी त्याभोवती तीन बांबू रोवून लाल चिंधी बांधली आहे, गवत काढताना कोणी कापू नये म्हणून.